तिसऱ्या दिव्याचा दांडा

१४ ऑक्टोबर

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तुझी पत्रं पोचली, सगळी. उत्तर दिलं नाही, कारण हात रिकामा नव्हता. इकडे हवा कोरडी आहे, स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतो आणि वरची तुझी खोली आता मी कपडे वाळत घालायला वापरते. ऊन चांगलं येतं तिथे.

तारांगणात नेहमीचंच चाललंय. शाळांच्या सहली येतात, मुलं घुमटाखाली पाय आपटत बसतात, मी माईकवर आकाश समजावून सांगते. माझ्या आवाजाचं कौतुक अजून होतं. फोनवर आपल्या दोघींत आईचीही फसगत व्हायची, आठवतं?

दालनातलं तीन ताऱ्यांचं यंत्रही कालपरवापर्यंत फिरत होतं. तुझ्या भावोजींनी बनवलेलं, तू रंगवलेलं. दोन दिवे जवळजवळ, एकमेकांभोवती. तिसरा लांब दांड्यावर, त्या दोघांभोवती. मी मुलांना सांगते, ते दोघं ज्या जागेभोवती फिरतात तिथे काहीच नसतं. मागे एका मुलीने विचारलं, "मग फिरतात कशाला?" सगळी मुलं खिदळली. मीही हसले. आणि त्यांना घुमटाकडे नेलं.

खरं तर ते यंत्र चुकीचं आहे. तिसरा तारा खूप लांब हवा. लांब असतो म्हणून तिघांचं निभतं. जवळ आला की ओढाताण सुरू होते आणि शेवटी एकजण कायमचा बाहेर फेकला जातो, बहुतेक वेळा सगळ्यांत हलका. पण दालन पडलं लहान, दांडा भिंतीला घासायला लागला, म्हणून भावोजींनी तो कापून आखूड केला. "कुणाला कळतंय?" म्हणाले. आणि त्याच सुमारास मी तुला लिहिलं, भाड्याच्या खोलीत कशाला राहतेस, आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे, ये. तारे शिकवून पोट भरणारी बाई मी, आणि अक्कल ही एवढी.

भावोजी मंगळवारी गेले. हे आधी लिहायला हवं होतं, पण नळाचं आधी सुचलं.

प्रत्येक पत्रात तू लिहीत होतीस, एकदाच भेटू दे, दारातून बघून परत जाईन. मी मुद्दाम गप्प राहिले. तुला घराबाहेर काढलं तेव्हा माझ्याकडे पुरावा काही नव्हता, नुसता संशय. तू पायरीवर बसून माझ्या गळ्याच्या शपथा घेत होतीस आणि तो आत दिव्यांच्या वायरी जोडत होता. (आता "ते" म्हणायचा कंटाळा आला, तो म्हणते.) तेव्हापासून कधी कधी वाटायचं, पोरीवर अन्याय तर नाही ना केला? ते वाटणं फार छळायचं.

आजारात त्याची नजर पूर्ण गेली. रोज एकच घोकायचा, "चिमीला कळव." मी म्हणायचे, "कळवलंय, येईल." मग सोमवारी दुपारी, तू मागे टाकून गेलेल्या चपला पायांत घातल्या, तुझ्यासारखी फटक फटक वाजवत खोलीत गेले आणि तुझ्या आवाजात म्हणाले, "भावोजी, मी आलेय."

त्याने मान वळवली. "ताई आहे घरात?"

"बाजारात गेलीय."

"मग भावोजी काय म्हणतेस?"

झालं. इतकी वर्षं जो पुरावा हवा होता, तो असा हातात पडला. पलंगाची कड घट्ट धरून उभी राहिले. रडले असते तर आवाज माझा निघाला असता. मग मी तुझ्या तोंडून त्याला सांगितलं, "मला तुझी आठवणही येत नाही. ताईने बोलावलं म्हणून आले. एकदाचा सुटशील तर बरं." वाटलं, आता तोंड फिरवेल आणि तसाच जाईल. तसंच व्हायला हवं होतं मला.

तर तो हसला. म्हणाला, "तुला खोटं बोलता येत नाही, चिमे. ते खातं ताईचं."

तुला खोटं बोलता येत नाही म्हणे! पायरीवर तर छान जमलं होतं.

मग त्याने हात पुढे केला. मी दिला. संध्याकाळपर्यंत सोडला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा हात त्याने माझा कधी धरला नव्हता, आणि तेव्हाही तो माझा म्हणून धरलेला नव्हताच.

काल यंत्रावरचा तिसरा दिवा काढून टाकला. तर दांडा हलका होऊन सगळंच एका अंगाला कललं, करकरायला लागलं. आता नीट करणारा नाही. बंदच ठेवलंय.

तू येऊ नकोस. त्याच्या लेखी तू येऊन गेलीस. आता दारात उभी राहिलीस तर मी कुणाला काय सांगू?

हात सोडण्याआधी त्याने मला जवळ वाकवून कानात एक गोष्ट सांगितली. फक्त तुझ्यासाठी. माझी आठवण निघाली नाही त्यात. मी "हो" म्हणाले, तुझ्याच आवाजात, आणि तो निवांत झोपला. ती गोष्ट मला पाठ आहे. तू कितीही पत्रं लिही, पायाशी येऊन बस, ती मी तुला सांगणार नाही.

तुझी, आणि एका दुपारपुरती तूच झालेली,
ताई