वर जाणारे बाण

सोमवार, ९ मार्च

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या खोलीची खिडकी रोज उघडते, कुंड्यांना पाणी घालते. खालच्या मजल्यावरच्या बाई काल जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "बरेच दिवस खिळे ठोकल्याचा आवाज नाही, बरे आहेत ना भाऊ तुमचे?" तुझ्या दुसऱ्या क्वार्टेटला त्या खिळे ठोकणं म्हणतात. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. गजाच्या लाकडानं तारा बडवायला लावतोस, मग त्यांनी तरी काय म्हणायचं?

रोज दवाखान्यात भेटतो, आणि वर हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुला स्वतःचाही आवाज नीट ऐकू येईना तेव्हापासून आपण दोघंही पाटीवर लिहूनच बोलतो. पण पाटीवर चार शब्द मावतात, आणि ते लगेच पुसता येतात. मला आज पुसता न येणारं लिहायचं आहे.

काल तू पाटीवर लिहिलंस, "तिसरा क्वार्टेट तू पुरा कर. बाण तसेच ठेव." मी मान हलवली. तू डोळे मिटून हसलास. घरी येईपर्यंत ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

बाणांबद्दलच बोलायचं आहे. दुसऱ्या क्वार्टेटचे कागद तू आम्हा चौघा वादकांच्या हातात दिलेस, तेव्हा किती स्वरांच्या डोक्यावर ते चिमुकले बाण होते! बाण दिसला की तो पाव स्वरानं चढा वाजवायचा, म्हणजे पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मधोमध. तुझं म्हणणं होतं की वरचे स्वर सगळ्याच वाद्यांवर उतरलेले असतात, आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांना उचलून धरायला हवं. कार्यक्रमपत्रिकेत तू ते छापलंसही. वर्तमानपत्रवाल्यानं "नवं स्वरभान" म्हणून अर्धा रकाना भरला. आता तुझे विद्यार्थीही बाण काढतात.

मी मात्र पहिल्याच तालमीत एक गोष्ट पाहिली होती. बाण सगळे वर जाणारे होते. खाली जाणारा एक नाही. आणि एका ठरावीक स्वराच्या खाली तर बाणच नाही. ज्याला पाव स्वरांशी खेळायचं असतं तो असा एकाच कोपऱ्यात खेळत नाही, ढब्बू. तू समोर खुर्चीवर बसायचास. आम्ही बाणाप्रमाणे चढं वाजवलं की म्हणायचास, "हां, आत्ता सुरात लागलं." आमच्या चेलोवाल्यानं एकदा हळूच विचारलं, "हे थट्टा करतायत का आपली?" मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

त्याच आठवड्यात तू ट्यूनरकाकांना बोलावलंस, कारण घरचा पियानो वरच्या बाजूला उतरलाय असं तुझं म्हणणं होतं. तू शिकवायला गेला होतास. काकांनी तासभर तपासला, यंत्र लावून बघितलं, आणि झाकण बंद करून मला म्हणाले, "बाई, पियानो ठणठणीत आहे. भावाचे कान दाखवून घ्या. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं."

डावा कान तुझा लहानपणीच गेलेला. उरलेला एकच.

मी काय म्हणाले ऐक. म्हणाले, "काका, दीड महिन्यावर कार्यक्रम आहे. तोवर त्याला काही सांगू नका. पियानो लावला म्हणून सांगा." काकांनी हत्यारं पिशवीत भरली. म्हणाले, "तुमचा भाऊ, तुम्ही बघा." ते पुन्हा आपल्या घरी आले नाहीत. तू मला दोनदा विचारलंस, काका का येत नाहीत. मी म्हणाले, म्हातारे झाले.

का केलं, तेही लिहिते. बावीस वर्षं मी मोठ्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत व्हियोला वाजवला. तुझ्या क्वार्टेटच्या मधल्या भागात तीन मिनिटं मी एकटी होते. तसं मला कुणी कधी लिहून दिलं नव्हतं. तुला डॉक्टरकडे नेलं असतं तर तू बाण खोडले असतेस, कार्यक्रम पुढे गेला असता, कदाचित झालाच नसता. मला माझं घोडं पुढे दामटायचं होतं. कार्यक्रमानंतर सांगू म्हटलं. कार्यक्रमानंतर तुझं इतकं कौतुक झालं की धीर झाला नाही. नंतर तू कानात शिट्टी वाजते म्हणालास, तेव्हा मी तुला म्हणाले, झोप पुरी घे. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी नाही बोलले.

गेल्या मंगळवारी डॉक्टर तुझ्या खाटेशी उभे राहून बरंच बोलले. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी पाटीवर लिहिलं, "गाठ काढल्यावर जिवाला धोका नाही." ते खरं आहे. पण ते आणखी एक वाक्य बोलले होते. "दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर गाठ लहान होती, कान वाचला असता." ते मी लिहिलं नाही. खडू हातात होता आणि लिहिलं नाही.

गुरुवारी ऑपरेशनमध्ये उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल. त्याआधी हे तुला कळायला हवं, कारण बाणांचं उत्तर मी देऊ शकत नाही. तू सुरेल, साधी चाल लिहिली होतीस. तुला ती तशीच ऐकू आली. सभागृहानं वेगळंच काहीतरी ऐकलं आणि त्यालाच टाळ्या वाजवल्या. मला ते वेगळं आवडायचं, अजूनही आवडतं, पण यात माझी हाव किती हे माझं मलाच सांगता येत नाही. तिसऱ्या क्वार्टेटमध्ये तुला तुझी चाल हवी की आमची, ते तूच सांग. बाण खोड म्हणालास तर एकेक खोडीन. दुसऱ्या कुणाला दे म्हणालास तर कागद बांधून त्याच्या घरी पोचवीन.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, मला माहीत आहे, तू तसाच आहेस. आणि ती घेऊन मी सुखानं झोपले तर माझ्याइतकी नीच मीच.

पत्र उद्या सकाळी नर्सच्या हातात देईन आणि बाहेरच्या बाकावर बसेन. मला आत बोलवायचं की नाही, ते तिला खुणेनं सांग.

जिला सगळं ऐकू येत होतं ती,
तुझी ताई