रविवारचं धुणं

सोमवार, २० सप्टेंबर १९४३

आउकेने कधी गायसुद्धा मला विचारून आणली नाही, मग बाई कशाला विचारून आणील! देवाने सांगितलं म्हणे. मला नाही सांगितलं. स्वयंपाक मी करते, निदान कानावर तरी घालायचं!

"ज्यू आहेत त्या. जर्मनांनी पकडलं तर गाडीत कोंबून नेतील," आउके म्हणाला.

"आणि आपल्याला काय, पाळण्यात घालतील?"

तरी माळ्यावर गादी घातली ती मीच. नवरोबा बायबल उघडून बसले.

शनिवार, २५ सप्टेंबर

आज माळ्यावरच्या फान क्लेफबाईंचा शब्बाथ, त्या कशाला हात लावणार नाहीत. उद्या आमचा. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस या घरात देवाची चंगळ! वर माझं वाटाण्याचं सूप "जरासं पाणचट" आहे म्हणे. तुमच्यासाठीच डुकराचा पाय वगळला ना, बाई!

रविवार, ३ ऑक्टोबर

मेले, मेले!

चर्चमधून आलो तर परसात आउकेच्या लांब विजारी वाऱ्यावर नाचतायत. रविवारी! आमच्या गावात रविवारी कोंबडीसुद्धा खाली मान घालून अंडं घालते. आणि आम्ही दोघं तर अख्ख्या गावासमोर पहिल्या बाकावर बसलेलो. मग धुणं घातलं कुणी? शेंबडं पोरही विचारील.

बाई आत खुशीत. "तुमचे हात किती फुटलेत! म्हटलं, तेवढाच आराम. गल्लीत कुणी नव्हतं."

होती. शेजारची येल्त्ये होती! चर्चच्या पंचाची बायको. पाय मुरगळलाय म्हणून घरीच, खिडकीत. सून रविवारी विणताना दिसली तर हिने वर्षभर तिच्याशी अबोला धरला होता.

चांगलं झापणार होते बाईंना. पण येल्त्येचं कळलं आणि त्या माझी माफीच मागत सुटल्या. "विजारी पांढऱ्याशुभ्र निघाल्यात हो," म्हटलं.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

दुकानात बायका मी शिरले की गप्प. एवढी शांतता प्रवचनालासुद्धा नसते.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

पोलीस हेपके आला. जर्मनांची चाकरी लागल्यापासून दार वाजवायला विसरलाय. युद्धातली भुसकट कॉफी प्याला, वर म्हणतो, "वहिनी, तुम्ही दोघं चर्चमध्ये. मग धुणं कुणी घातलं?"

बाई बरोबर त्याच्या डोक्यावर, माळ्यावर. माझ्या तोंडून निघून गेलं — "शेजारणीने!"

"येल्त्येने? रविवारी?" इतका हसला की कॉफी सांडली. "थांबा, विचारतोच तिला."

आणि सरळ तिच्या दारात!! जीभ हासडून टाकावीशी वाटली. येल्त्ये जन्मात खोटं बोललेली नाही. दिवसातून दोनदा तीच सांगते.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

कुणी आलं नाही. बाईंची पिशवी भरून ठेवलीय, पण त्यांना न्यायचं कुठे? दुसरं घर मिळत नाही. आउके प्रार्थना करतोय. मीही करतेय, फक्त माझी भाषा चर्चमध्ये चालणार नाही.

मघाशी बाई म्हणाल्या, "मी आपली निघून जाते." म्हटलं, "गप्प बसा आणि सूप प्या." फार भीती वाटतेय.

रविवार, १० ऑक्टोबर

उपासनेच्या शेवटी येल्त्येचा नवरा उभा राहिला. स्वतःच्या बायकोचं नाव त्याने सगळ्यांसमोर वाचलं — गेल्या रविवारी शेजारणीचं धुणं धुऊन वाळत घातल्याची तिने कबुली दिली आहे. तिला प्रभुभोजन बंद; चर्चमध्ये सगळ्यांना पवित्र भाकर मिळेल, तिला नाही.

येल्त्ये मान ताठ ठेवून बसली होती. बाहेर पडताना लंगडत माझ्या शेजारी आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुझ्या पाहुणीला सांग," म्हणाली, "विजारी कमरेकडून टांगतात. माझ्या नावावर असलं धुणं — लाज आणली मला!"