न ओढलेला पीळ

गुरुवार, तलवाडा

आजचा दोरातून सुटण्याचा खेळ झकास झाला, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही.

हात बांधायला मी नेहमी गावातलाच माणूस बोलावतो. आज मन्मथ आला, बैलांचा व्यापारी, माझा जुना दोस्त. नारायणगडाच्या जत्रेत यानंच मला मनगटं सोलेपर्यंत आवळलं होतं. तरी सुटलो, आणि तिथून माझं नाव झालं. आज मात्र त्यानं शेवटचा पीळ ओढलाच नाही. पडद्यामागे गेलो तर हात आपोआप बाहेर. टाळ्या पडल्या. मी वाकून घेतल्याही.

मांडव रिकामा झाल्यावर विचारलं, "शेवटचा पीळ काहून ओढला न्हाईस बे?"

"ओढलता की."

"मला शिकवतोस?"

मग खाली बघत म्हणाला, "मनगट सुजलेलं दिसलं तुजं. चार लोकांत अडकून बसला असतास तर?"

राग आला. त्याचा की मनगटाचा, कोण जाणे. म्हटलं, "आत्ता बांध. पीळ ओढून."

बांधलं त्यानं, बैलाला बांधावं तसं. मी सुटलो, पण तोवर त्याची तंबाखू मळून, खाऊन, थुंकूनही झाली होती.

"सुटलास खरं," तो म्हणाला, "पर लोक एवढा वेळ पडद्याकडं बघत बसत्यात व्हय?"

बरोबर आहे त्याचं. पडद्याकडे कोण बघेल?

उद्या दिंद्रुडच्या खेळात पडदा लावायचा नाही. जेवढा वेळ लागायचा तेवढा लोकांच्या डोळ्यांसमोर लागू दे.