लाईट गेल्यावर येणारे

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

बेलपाडा, ता. ५ मे २०२५

चि. स्नेहास आजीचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

काल दुपारी लाईट गेली तर पहिला धावत आला तो समोरचा अब्दुल, दुकान उघडं टाकून. त्याला मी दारातूनच परत लावला. सगळं ठीक हाय, तू आपला गल्ला सांभाळ, म्हटलं. बिचारा खुळ्यासारखा बघत राहिला. मग आतल्या खोलीतून गोरख आला, आणि पाठोपाठ जिन्यावर सुरजच्या चपला वाजल्या. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

तुला ठाऊकच हाय, गोरखच्या वरदच्या लग्नात मांडवाला उंबराची डहाळी आणायचा मान काकाचा. तो गोरखने आपल्या साडूला दिला आणि त्या दिवसापासून सुरज भावाशी बोलत नाय. चार वर्षं झाली. एक खाली राहतो, एक वर, आणि समोरासमोर आले की दोघं भिंतीकडे बघतात. तुझ्या मामांना भिंती फार आवडतात.

पण लाईट गेली की तू आणलेली हवेची गादी बसते, तुझ्या आजोबांची पाठ फळीला लागते, आणि त्या जड माणसाला चादरीसकट उचलून कुशीवर करायला दोन गडी लागतात. एक ह्या बाजूला, एक त्या. काल गोरख हं म्हणाला, सुरज हं म्हणाला, आणि उचलले. एवढंच. पण हंला हं मिळाला ना! पंखा फिरला तसा सुरज वर गेला. चहा ठेवला होता तो तसाच राहिला.

बॅटरीचं तू लिहिलंस ते वाचलं. लाईट गेली तरी गादीचा पंप बंद पडायला नको म्हणून भिंतीवर लावायची, बरोबर हाय. पण भिंत कुठे हाय गं? एकीला देव, एकीला कपाट, एकीला तुमचे सगळ्यांचे फोटो. मागच्या इन्व्हर्टरचं पाणी आटलं ते कोणी बघितलं नाय, आत पाल शिरून मेली. ह्यांना विचारलं तर चांगला हात हलवून नको म्हणाले. वाचा गेली तरी नको बरोबर जमतं त्यांना. तेव्हा राहू दे.

आणि फोन करू नको. मला ऐकू कमी येतं म्हणून मी ओरडते, मग खाली-वर दोन्ही घरांना सगळं कळतं.

जेवण वेळेवर कर. म्हातारीवरची माया आटू देऊ नको.

तुझी आजी,
चिंधी


नाशिक, ता. १० मे २०२५

ती. आजीस स्नेहाचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र ड्यूटीवर डबा खाताना वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या सिस्टरने कारण विचारलं. तू पालीला कधीपासून घाबरायला लागलीस? घरात शिरलेली धामण केरसुणीने बाहेर काढणारी तू! ही बॅटरी जुन्या इन्व्हर्टरसारखी नाही. पाणी घालायचं नाही, आवाज नाही, कपाटाच्या दारापेक्षा लहान. लाईट गेली की पंप आपोआप तिच्यावर चालू राहतो. पैशांचं काही बोलू नकोस. आजोबांच्या खांद्यावर बसून मी खाडी पाहिली आहे.

पण एक विचारते. अब्दुलचाचा न बोलावता धावून येतात आणि तू त्यांना परत पाठवतेस. आजी, तुला बॅटरी नको आहे, की लाईट जायला हवी आहे?

आजोबांच्या माकडहाडाजवळची कातडी रोज बघतेस ना? लाल दिसली तर बोटाने दाबून बघ. लाली हटली नाही तर लगेच कळव. हे मात्र फोनवर, ओरडलीस तरी चालेल.

आई नमस्कार सांगते. लोभ वाढव म्हणत नाही, आहे तोच मला पेलत नाही.

तुझी,
स्नेहा


बेलपाडा, ता. १७ मे २०२५

चि. स्नेहा, गुणाची गं माझी, आशीर्वाद.

पकडलंस मला. होय, लाईट जायला हवी हाय. इकडे गटाराचं खोदकाम चाललंय, जेसीबीचा दात लागला की वायर तुटते. सगळी आळी शिव्या घालते आणि मी एकटी मनातल्या मनात हसते.

बुधवारी तर दुपारी गेली ती दिवेलागणीपर्यंत आली नाय. दोघं दोन बाजूंना बसले. गोरख पुठ्ठ्याने वारा घालत होता. हात भरून आला तसा त्याने पुठ्ठा खाली ठेवला, तो सुरजने उचलला. थोड्या वेळाने सुरज भिंतीला म्हणाला की बाबांची नखं वाढली हायत. गोरख उठला, नेलकटर घेऊन आला. एकाने हात धरला, एकाने नखं कापली. मग गोरखही भिंतीलाच म्हणाला की बाबा चिंबोऱ्या धरायला न्यायचे तेव्हा सुरजच्या आंगठ्याला चिंबोरी लटकली होती आणि त्याने अख्खी खाडी डोक्यावर घेतली होती. सुरज म्हणाला की रडला तो गोरख, आंगठा पण गोरखचाच. ह्यावरून भांडले गं दोघं, चांगले भांडले! मी पदर तोंडात कोंबून बसले. हे अर्ध्या तोंडाने हसत होते. तेवढ्यात लाईट आली, आणि दोघं गप्प.

ते गेल्यावर मी ह्यांना परत विचारलं, बॅटरी का नको. ह्यांनी चांगल्या हाताने पलंगाचा हा काठ थोपटला, मग अंग ओढून तो काठ थोपटला. पोरं बसली होती तिथे. मग पाठीकडे हात करून असा उडवला, माशी हाकलावी तसा. मला वाटत होतं मी एकटीच लबाड हाय.

पाठीचं विचारलंस. लाली हाय. मध्ये चिंचोक्याएवढं सालटं निघालंय. मी हळद लावली. फोन केला नाय, ओरडले असते तर पोरांना कळलं असतं. रागावू नको. तू शिकलेली हायस, मी चौथीसुद्धा पुरी केली नाय.

आईला माझे आशीर्वाद. आमची आठवण काढत जा.

तुझी आजी,
चिंधी


नाशिक, ता. २२ मे २०२५

ती. आजीस नमस्कार.

आज मस्करी नाही. हळद लावू नकोस. पनवेलच्या माझ्या ओळखीच्या सिस्टरना सांगितलं आहे, हे पत्र पोचेपर्यंत त्या येऊन गेलेल्या असतील. वरून चिंचोक्याएवढं दिसतं, आत किती पसरलंय ते वरून कळत नाही. माझ्या वॉर्डात अशी माणसं येतात, आजी. सगळी घरी जात नाहीत.

तुला काय हवंय ते मला कळतं. सुट्टीत मी दोन्ही मामांच्या मध्ये जेवायला बसायचे आणि दोघं माझ्याच ताटातलं पळवायचे. मलाही ते परत हवे आहेत. पण आजोबांच्या पाठीवर नकोत. आजोबा नको म्हणतात ते बाप म्हणून. तू त्यांची बायको आहेस. तुझ्या शब्दाशिवाय मी बॅटरी मागवणार नाही. तू हो म्हण.

माझ्यावर रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
स्नेहा


॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

बेलपाडा, ता. ३० मे २०२५

चि. स्नेहास आशीर्वाद.

तुझ्या सिस्टर चांगल्या हायत, हात हलका हाय. जखम धुताना ह्यांनी हूं की चूं केलं नाय. फक्त माझं मनगट इतकं घट्ट धरलं की एक बांगडी वाढली. त्याच दिवशी मी हो म्हटलं. ह्यांना सांगितलं तर तोंड फिरवलं. माझ्या हातची पेज घेतली नाय, ती सुनेने, गोरखच्या दिपाने भरवली. एवढा संसार झाला, असं कधी केलं नव्हतं.

काल बॅटरीवाले दोघं येऊन माप घेऊन गेले. जिन्याखालची भिंत पसंत केली. मी दोन्ही पोरांना मुद्दाम उभं केलं. गोरखने जे विचारायचं ते एका बॅटरीवाल्याला विचारलं, सुरजने तेच दुसऱ्याला. त्यांनाही गंमत वाटली असेल. त्यातला एक हसून म्हणाला की आता लाईट गेली तरी घरात कोणाला कळणारसुद्धा नाय. मग मीच म्हटलं की बरं झालं, सुरजला आता जिना उतरायला नको. असं कसं माझ्या तोंडून गेलं गं! मनात अगदी उलटं होतं. तो मान घालून वर गेला.

संध्याकाळी जिन्यावर चपला वाजल्या. सुरज शेवटच्या पायरीवर थांबला. गोरख दारातच उभा होता. सुरजने मला विचारलं की खालची लाईट गेली काय. डोक्यावर बल्ब जळत होता. आमी तिघं त्या बल्बकडे बघत राहिलो. मी तरी म्हणायचं ना, की ये, चादर जरा वर ओढायची हाय! सुचलंच नाय. तो उभा राहिला, राहिला, आणि वर गेला. आत हे पलंगाचा काठ थोपटत होते.

आता देवीपुढे बसले की काय मागू ते कळत नाय. लाईट जाऊ दे म्हणू तर ह्यांची पाठ. जाऊ नको म्हणू तर पोरं. म्हणून नुसते हात जोडते आणि उठते.

ह्यांनी आज दोन घास माझ्या हातून घेतले. जखम भरेल असं सिस्टर म्हणतात. तू काळजी करू नको, आणि पत्र लिहायचं सोडू नको, माझं मन त्यातच रमतं.

तुझी आजी,
चिंधी

ता. क. बॅटरीवाले सोमवारी सकाळी येतो म्हणून सांगून गेलेत. आज शुक्रवार.