आर्मरेस्ट पास होईपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. कारण, कामाला शिस्त लागते. काम एकच: व्हीलचेअर परत करणे.

खुर्ची आपली नाही. मार्चमध्ये बाथरूममध्ये पडून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हा सौ.ने (सरोजिनीने) कर्वेनगरातल्या रुग्णसाहित्य केंद्रातून सहा आठवड्यांसाठी आणली. आठ महिने झाले. आज केंद्रातल्या आनंदीताईंचा फोन. मार्केट यार्डाकडच्या कुणी गोदाबाई आहेत, त्यांचाही खुबाच, दोन आठवडे अंथरुणात, खुर्चीसाठी नंबर लावून. म्हटलं, न्या की, आनंदाने. फक्त दोन्ही आर्मरेस्टच्या गाद्या फाटून आतला फोम दिसतोय, तेवढ्या बदलून देतो. उसनी वस्तू आपल्याकडून फाटकी जाता कामा नये. त्या म्हणाल्या, तशीच द्या, आम्ही बघतो. या वृत्तीमुळेच देश मागे.

खुर्चीची मला गरज नाही. हे नमूद.

४ नोव्हेंबर, मंगळवार
फिजिओथेरपिस्ट नम्रता आली. म्हणाली, काका, हाड जूनमध्येच जुळलंय, आता फक्त उठायचं, वॉकर कुठाय? वॉकरवर टॉवेल वाळत होते. सांगितलं, आधी गाद्यांचं काम, एका वेळी एकच. तिने सौ.कडे पाहिलं. सौ.ने छताकडे.

तरी तिने काखेत हात घालून उठवायचा प्रयत्न केलाच. छातीत धडधड. नाडी मोजली: ११८. परत बसल्यावर ८०. निष्कर्ष: बसणं हृदयाला चांगलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
मापं घेतली. हडपसरच्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. माझ्या टेबलावरून चुकीचा माल पुढे गेला नाही. (एकदा गेला. तेव्हा मी रजेवर होतो.) कपाटातून व्हर्नियर काढून घेतला. गादी खालून दोन स्क्रूंनी नळीला बसवलेली असते. दोन भोकांमधलं अंतर महत्त्वाचं. मी खुर्चीतच असल्यामुळे भोकं दिसेनात. सौ. म्हणाली, उठून दुसरीकडे बसा, मी मोजते. म्हटलं, नको. दाढीचा आरसा खाली धरून मोजलं. अर्धा तास, मान अवघडली, पण माप अचूक.

ऑर्डर दिली. आनंदीताईंना स्वतःहून मेसेज केला: रविवार १६ तारखेला सकाळी दहा वाजता खुर्ची घेऊन जावी. शब्द म्हणजे शब्द.

८ नोव्हेंबर, शनिवार
गाद्या आल्या. काळ्या. जुन्या जास्त काळ्या आहेत. रिजेक्ट.

सौ. म्हणाली, जुन्या मळून काळ्या झाल्यात. असेलही. शेड जुळत नाही ती नाहीच.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दुसरा जोड. भोकांमधलं अंतर एक मिलिमीटर जास्त. रिजेक्ट.

वरच्या मजल्यावरचे रावसाहेब चहाला आले होते. म्हणाले, स्क्रू जरा ढिला धरला की बसेल. ढिला! या शब्दासाठी मी माणसांना मेमो दिलेत. मग बशी खाली ठेवून म्हणाले, तुम्ही नक्की गाद्या रिजेक्ट करताय की रविवार? आमचाच चहा प्यायचा आणि आम्हालाच बोलायचं.

तिसरा जोड मागवायला हवा. या वेळी यायला आठ दिवस लागतील म्हणे. १६ तारीख हुकणार असं दिसतं. वाईट वाटतं. रात्री छान झोप लागली.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ४
घात झाला. मी पलंगावर पडलो असताना सौ.ने तो रिजेक्ट जोड बसवून टाकला. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधल्या स्क्रूड्रायव्हरने. किती वेळ लागला विचारलं, तर म्हणाली, कुकरच्या तीन शिट्ट्या. तिने मला पलंगावरून खुर्चीत घेतल्यावर (ती रोजच घेते, त्यात विशेष नाही) सर्व बाजूंनी दाबून, हलवून पाहिलं. हलत नाहीत. तात्पुरतं पास.

वरचं प्लॅस्टिक मात्र काढू दिलं नाही. कोरी वस्तू कोरीच गेली पाहिजे. आमच्या टीव्हीच्या रिमोटला सहा वर्षं प्लॅस्टिक आहे. बटणं नवीच्या नवी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. मार्चमध्ये पडलो तेव्हा सौ. बहिणीकडे गेली होती. पावणेदोन तास फरशीवर होतो. नळ चालू होता. आधी हाका मारल्या, मग बंद केल्या, कारण स्वतःचाच आवाज ऐकून जास्त भीती वाटायला लागली. वाटलं, हे असंच संपणार, साबणाच्या डबीकडे बघत. आता उभं राहायचं म्हटलं की फरशी समोर येते. पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही.

वरील मजकूर केवळ नोंद म्हणून. घाबरलेलो वगैरे नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
उद्याचं वेळापत्रक. ९.३० इस्त्रीचा शर्ट. १०.०० स्वतः उठून खुर्ची ताब्यात देणे, दोन वाक्यं बोलणे (पाठ केली आहेत), पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला जाणे.

सौ. म्हणाली, आज एकदा उठून बघायचं का? नको म्हटलं. आदल्या दिवशी दमणूक बरी नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.४०
आनंदीताई वेळेवर आल्या. सोबत टेम्पोवाला शंभू. मी दोन्ही आर्मरेस्टवर तळवे टेकले आणि जोर दिला. प्लॅस्टिकवरून दोन्ही हात सटकले. धपकन परत खुर्चीत. सगळ्यांसमोर.

क्षणभर ती बाथरूमची फरशीच दिसली. मग सावरून जाहीर केलं, की आर्मरेस्ट सदोष आहेत, गोदाबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी खुर्ची मी हातची सोडू शकत नाही. आनंदीताई वाकल्या, नखाने कड उचलली आणि एका झटक्यात दोन्हीकडचं प्लॅस्टिक ओढून काढलं. गोळा करून सौ.च्या हातात दिलं. म्हणाल्या, काका, गोदाबाईंना महिना होत आला. मला नुसतं उन्हात नेऊन बसवा म्हणून रडतात.

रिजेक्ट करण्यासारखं काही सुचेना. सौ.ने एका बखोटीला धरलं, शंभूने दुसऱ्या. डायनिंगच्या खुर्चीत आणून बसवलं. पाठ केलेली वाक्यं राहिली. टेम्पो गेल्याचा आवाज आला.

दुपारी १
डायनिंगच्या खुर्चीत. जेवण इथेच. प्रकृती उत्तम. सावधगिरी म्हणून पाणी पीत नाही.

दुपारी ३.१०
वरण पातळ होतं. ते पाण्यात मोजायचं राहिलं.

सौ.ला हाक मारली. तिने वॉकरवरचे टॉवेल काढले, वॉकर माझ्यासमोर आणून ठेवला आणि शेजारी उभी राहिली. काखेत हात घातला नाही. बाथरूम अकरा पावलं.

संध्याकाळी ६
चाललो. सातव्या पावलावर लेंगा ओला झाला. तिथेच बसलो असतो, पण बसायला काही नव्हतं, म्हणून उरलेली चारही चाललो. सौ.ने फरशी पुसली, अनवाणी चालून कोरडी झाल्याची खात्री केली आणि दुसरा लेंगा आणून दिला. मी भिंतीला धरून उभा होतो. तिला सांगितलं, की मला फार भीती वाटते.

ती म्हणाली, अहो, ते मला मार्चपासून माहितीये. बाहेर या, चहा ओतलाय.

यायला पंचवीस मिनिटं लागली. चहा गार झाला होता. तसाच प्यायलो.