सलोनी स्पेशल सर्व्हिस

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. शुद्ध मराठीत लिहिणार, कारण मोठे खेळाडू मुलाखत शुद्ध मराठीत देतात. मी सलोनी, वय सतरा, तारकर्लीतल्या आमच्या मुलींच्या व्हॉलीबॉल क्लबची भावी कॅप्टन. सध्या राखीव. पुढच्या महिन्यात कुडाळला जिल्ह्याची क्लब स्पर्धा, जिंकणारे कोल्हापूरला. पहिल्या सहात एक जागा रिकामी झालीय, कारण सुगंधाचं लग्न ठरलं. ती जागा माझी. आमचे कोच देवेश सर, त्यांना अजून माहीत नाही.
संकल्प: पहाटे उठणे. मस्करी बंद. वडे कमी.

४ नोव्हेंबर, सकाळी १०.२०
उठले. पहाटेची प्रॅक्टिस हुकली. आई शेजारणीला सांगत होती, "चेडू दिवस माथ्यार येयसर निजता, आणि म्हणे कॅप्टन होतला." झोप ही पण फिटनेस आहे, हे आईला कोण सांगणार.

४ नोव्हेंबर, संध्याकाळी
जग हादरेल अशी सर्व्हिस सापडली. बॉल समुद्राच्या बाजूला मारायचा, पार लाईनीच्या बाहेर. समोरच्या मुली "आऊट, आऊट" ओरडतात आणि बॉल हवेत वळून आत येतो, कोपऱ्यात. कोणी हात पण लावत नाही. नाव ठेवलं: सलोनी स्पेशल. सगळं मनगटात आहे. कॅप्टन समीक्षाने विचारलं कशी मारतेस. म्हटलं, देणगी आहे.

७ नोव्हेंबर
सरांच्या शिट्टीत कोकमाचं आगळ घातलं. सरांनी शिट्टी मारली आणि तोंड असं झालं की समीक्षा वाळूत लोळली. "कोणी केलंय हे?" मी सगळ्यात आधी भक्तीकडे बघितलं. मस्करी बंदचा संकल्प उद्यापासून.

भक्ती म्हणजे दुसरी राखीव. समुद्रापासून लांब, आतल्या काजूच्या बागांच्या गावातली. पहिली एसटी धरून पहाटेच्या प्रॅक्टिसला येते आणि संध्याकाळची पण चुकवत नाही. सर्व्हिस एकदम साधी. नेटवरून जाते, आत पडते, बस. रोज तीच. माणसाला काही कला नको का?

१२ नोव्हेंबर
एकदाची पहाटे उठले. स्पेशल मारली, बाहेर गेली. परत मारली, परत बाहेर. एक तर होडीत गेली. सरांनी वहीत लिहिलं. सकाळी मनगट गार असतं, एवढंच. भक्ती म्हणते, "संध्याकाळचो वारो आसा तुझ्या सर्व्हिसीत. वारो पडलो तर काय करतलंस गो?" जळते. म्हटलं, "तुमच्या काजूत वारो नाय म्हणान तुका तसा दिसता." बॉल घेऊन सर्व्हिस मारायला गेली. माझं म्हणणं पटलं असणार.

१८ नोव्हेंबर
सरांनी जाहीर केलं: परवा पहाटे सर्व्हिसची परीक्षा. मी आणि भक्ती. जी जास्त आत टाकेल ती पहिल्या सहात.
पहाटे का? हा कट आहे. खेळाडूला त्याच्या वेळेला बघावं. आंबा पण मे महिन्यातच खातात ना.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी
आज नेट सोडायची पाळी माझी. सोडलं. शेडमध्ये नेऊन ठेवायचं तर वाडीतल्या मच्छीमार बाबलीकाकांच्या रापणीच्या जाळ्यांचा ढीग वाटेतच होता. जाळ्यात जाळं, कोणाला कळणार? नीट आत खुपसलं. ही मस्करी नाही, नियोजन आहे.

२० नोव्हेंबर, सकाळी
परीक्षा रद्द. नेट नाही. सर सगळ्या शेडभर शोधतायत, मी पण शोधायला मदत केली. पण ढिगाकडे बघते तर ढीगच नाही! काका पहाटेच रापण घेऊन समुद्रात गेलेले. क्लबचं नेट मासे पकडायला गेलं.

२० नोव्हेंबर, दुपारी
नेट आलं. बाबलीकाका खांद्यावर टाकून चालत आले, त्याला दोन खेकडे लटकलेले. "सर, ह्या तुमचा काय? बांगडो एक गावाक नाय हेच्यात, कुर्ल्यो मात्र गावल्यो." सर म्हणाले, तुमच्या बोटीत गेलं कसं? काका माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "देवाक म्हायत." चांगला माणूस.
वासामुळे नेटखाली मांजरं बसलीयत. परीक्षा आज संध्याकाळीच घेतो म्हणाले सर. मनगट गरम आहे.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी
मी!!! माडाच्या झावळ्या नुसत्या भिरभिरत होत्या, असा माहोल. माझ्या सगळ्या आत. भक्तीच्या दोन वाऱ्याने बाहेर गेल्या. सरांनी डोकं खाजवलं, पण शब्द म्हणजे शब्द. भक्ती शेवटच्या एसटीला पळाली. जाताना "बरा खेळलंस" म्हणाली. डोळे ओले वाटले. वाळू गेली असेल.

६ डिसेंबर
उद्या कुडाळ. आख्ख्या वाडीला सांगून झालं. पेपरात फोटो येणार म्हणून भुवया करून घेतल्या. एक थोडी वर गेली. धाक बसेल.

७ डिसेंबर, सकाळी
गाडी सुटायच्या आधी बाबलीकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां कुडाळाक खेळाक चललीत, तेंका यश दी म्हाराजा!" सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने मी. गाऱ्हाण्याला आपला आवाज आपोआप निघतो, लहानपणापासूनची सवय.

७ डिसेंबर, रात्री
फसवणूक. कुडाळची स्पर्धा हॉलमध्ये होती. चारी बाजूंनी भिंती. खिडक्या बंद, पंखे पण बंद. मी सरांना विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला आहे? सर म्हणाले, "कुडाळात?" समोरची टीम अजून हसत असेल.

पहिली स्पेशल मारली. बाहेर गेली आणि बाहेरच राहिली. दुसरी पण. मी पंचांना म्हटलं, जरा पंखे लावा. ते म्हणाले, उकडतंय का? म्हटलं नाही, सर्व्हिस मारायचीय. तिसरी थेट बक्षिसांच्या टेबलावर. कप पडला, पाहुण्यांचा चहा त्यांच्या शर्टावर. सर मागून ओरडत होते, "साधी टाक, साधी!" साधी मला येत नाही. मी कधी शिकलेच नाही, वेळ कुठे होता?

सेट हरलो. सरांनी मला बसवलं, भक्तीला उतरवलं. साधी सर्व्हिस. नेटवरून, आत. नेटवरून, आत. बघताना झोप येते. पुढचे दोन्ही सेट जिंकलो. मग फायनल पण. मुलींनी भक्तीला उचललं. मी पाण्याच्या बाटल्या उचलल्या.
तरी राखीव म्हणून कोल्हापूरला जाणारच. कोल्हापूर मोठं आहे, हॉलला खिडक्या असतील.

१४ डिसेंबर
हे लिहावं की नको. बघते.
कोल्हापूरची गाडी वाडीत उभी. मी खिडकीची जागा धरली, बॅग वर टाकली, खाली उतरले. वाडी गोळा झालेली. काका नारळ घेऊन पुढे. "बा देवा म्हाराजा! पोरींका यश दी म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "वाटेत आडी-अडचण इली तर दूर कर म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "ह्या आमच्या सलोनीन परीक्षेच्या आदल्या सांजेक क्लबाचा नेट माझ्या रापणीत लपवल्यान, लेकरू आसा, तेची चूक पदरात घे म्हाराजा!"
"होय म्हाराजा!"
सगळ्यात मोठ्याने मी.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. काका तेव्हा माडाखाली बसून बघत होते म्हणे. माझं भलं व्हावं म्हणूनच देवाला सांगितलं, बिचाऱ्यांनी. देवाने पदरात घेतलं असेल, सरांनी नाही घेतलं. "सलोनी, बॅग उतरव." बॅग भक्तीने खिडकीतून खाली दिली, तिच्याबरोबर एक जुना बॉल पण. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "साधी मार. सकाळची."
आई म्हणाली, "चल गो घराक." वडे केले होते. खाल्ले.

१५ डिसेंबर
पहाटे उठणार होते. साडेदहाला उठले.
संध्याकाळी बॉल घेऊन किनाऱ्यावर गेले. कोणीच नाही. सराव बंद ठेवला तर देणगी जाते. स्पेशल मारली. बाहेर गेली, वळली, कोपऱ्यात पडली. बघा! मनगट तेच आहे. दोष हॉलचाच. तसं सरांना पत्र लिहिणार होते.
तेवढ्यात समुद्राकडून कुरकुऱ्यांचं रिकामं पाकीट आलं. लाईनीच्या बाहेरून उडालं, हवेत वळलं, आणि माझ्या बॉलच्या बाजूला येऊन पडलं. त्याच कोपऱ्यात.
त्याला मनगट पण नव्हतं.