निरीक्षक रजेवर

निवती, ता. वेंगुर्ले
१२ नोव्हेंबर २०००

आदरणीय बाबांस,
प्रियदर्शनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पोचले, खोली मिळाली आणि तिसऱ्या दिवशी समुद्रावरही जाऊन आले. कंपनीतली थंडगार खुर्ची सोडून मासेमारीच्या होडीत बसायला निघालेल्या मुलीला तुम्ही स्वतः एसटीत बसवून दिलंत, तेव्हा शेजारच्या श्यामलाकाकूंनी तुमच्याकडे कसं पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही.

काम असं आहे. किनाऱ्यापासून आत सरळ रेषा आखून दिल्या आहेत. अनंत तांडेल त्या रेषेवरून होडी एका चालीने नेतात. मी आणि एक सहकारी असे आम्ही दोघं पुढे उभे राहतो, एकाने डावीकडे बघायचं, एकाने उजवीकडे. डॉल्फिन, कासव, समुद्रसाप, जे दिसेल ते वेळेसह आणि अंतरासह तक्त्यात लिहायचं. अर्धा तास झाला की होडी थांबते आणि डोळ्यांना विश्रांती. त्या विश्रांतीत दिसलेला प्राणी मोजायचा नाही, मग तो होडीला घासून का जाईना. काल तेच झालं. माझ्या हातात चिवड्याचा पुडा, आणि दहा हातांवर डॉल्फिनची मादी आणि तिचं करडं पिल्लू वर आलं, श्वास घेतला आणि गेलं. तक्त्यात मात्र दिवसभराचं शून्य.

शून्य म्हणजे बघितलं आणि दिसलं नाही. बघितलंच नसेल तर आडवी रेघ. हे मोजणीचं काम बघणाऱ्या सरांनी हा नियम सांगितला तेव्हा मला हसू आलं. चौथीत असताना आपल्या गच्चीवर तुम्ही तो माझ्याकडून घोकून घेतला होता. वेधशाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी रोज सकाळी आठ वाजता सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा, धायरीचा डोंगर, पर्वती आणि मागची पाण्याची टाकी यांपैकी काय काय दिसतं ते नोंदवहीत लिहिणारा माणूस माझ्या घरी आहे, हे मी इथे सगळ्यांना सांगितलं आहे. तर सांगा, सिंहगड दिसतो का?

इथे एसटीडी बूथ आहे, पण ओरडून बोलावं लागतं आणि सगळं गाव ऐकतं. पत्रच बरं. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
प्रियदर्शनी

---

कर्वेनगर, पुणे ५२
२१ नोव्हेंबर २०००

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र पोचले. चिवडा खाताना दिसलेली मादी न मोजल्याबद्दल तुझे अभिनंदन. माझ्या नोकरीत एका साहेबाने पाऊस न मोजता अंदाजाने आकडा लिहिला होता. तो पुढे फार मोठ्या पदाला गेला, ही गोष्ट वेगळी.

सिंहगड विचारलास. गेले अकरा दिवस दिसला नाही. धायरीचा डोंगर अंधुक. दृश्यमानता सहा किलोमीटर. नोव्हेंबरात एवढी वाईट हवा मी नोकरीतसुद्धा पाहिली नव्हती. पाहावे तिकडे बंगले पाडून इमारती उठत आहेत, कॉम्प्युटरवाल्या पोरांसाठी. वरच्या मजल्यावरची सोनाली अमेरिकेच्या वेळेनुसार कामावर जाते आणि आमच्या वेळेनुसार झोपते. तिच्या दुचाकीचा धूर पुरेसा नव्हता म्हणून आता सर्वांनी मिळून सिमेंट उडवायला घेतले आहे. प्रगती झाली म्हणतात. झाली असेल, दिसत नाही एवढेच.

माझी प्रकृती ठणठणीत. तू हंगाम पुरा केल्याशिवाय येऊ नकोस. तुझ्या आईने तुला प्राणिशास्त्र घेऊ दिले तेव्हा मी आडवा आलो होतो. ती असती तर आज मला चार गोष्टी ऐकवल्या असत्या. त्या ऐकायची माझी तयारी आहे, ती मात्र नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि बापाची आठवण वेळापत्रकात बसवत जा.

तुझा,
बाबा

---

निवती
१७ डिसेंबर २०००

आदरणीय बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

एक आगाऊपणा केला आहे, रागावू नका. तुमच्या गेल्या तीन पत्रांतले दृश्यमानतेचे आकडे एकत्र करून मी पुण्याच्या एका सायंदैनिकाला वाचकांचं पत्र म्हणून पाठवले. अकरा वर्षांच्या नोंदी असलेला निवृत्त निरीक्षक सांगतो की पुण्याहून सिंहगड नाहीसा झाला, असं लिहिलं. तुमचं नाव घातलं आहे, महिपती गणवीर, कर्वेनगर. छापून आलं तर कात्रण ठेवा.

आमचे इथे सलग नऊ दिवस शून्य, मग काल एकदम चौदा डॉल्फिन. तांडेलांना माझ्या आधी दिसले, पण ते गप्प बसले, कारण बघणाऱ्याला बोट दाखवून सांगायचं नाही असा नियम आहे. मला दिसल्यावर मग म्हणाले की बाई, तुमची नजर चांगली आहे. वडिलांची आहे, असं मी सांगितलं.

संक्रांतीला दोन दिवस येते. अंतर वाढलं म्हणून ओढ कमी झाली असं समजू नका.

तुमची,
प्रियदर्शनी

---

कर्वेनगर
२ जानेवारी २००१

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र छापून आले. छपाई हल्ली इतकी बारीक आणि फिकट करतात की श्यामलाबाईंकडून वाचून घेतले. सोसायटीत माझा भाव वाढला आहे. नगरसेवकाकडे निवेदन घेऊन चला असे चौघे म्हणून गेले, चौघेही परत आले नाहीत.

परवा मंडईत डाव्या बाजूने हातगाडी येऊन आदळली. गुडघा खरचटला, विशेष नाही. हे लोक आवाज न करता अंगावर येतात. आता पर्वतीही सकाळची धूसर असते. तीन किलोमीटर. अकरा वर्षांत प्रथमच.

ये लवकर. तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा

---

निवती
२३ जानेवारी २००१

आदरणीय बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

दोन दिवस कसे गेले कळलं नाही. इथे आल्यापासून तुमच्या हातच्या पिठल्याची आठवण येते, मीठ दोनदा पडलं होतं तरीही. आणि तो कानतुटका कप आता टाकून द्या. चहा दोन्ही वेळा बशीत सांडला तो त्याच्यामुळेच.

रविवारी सकाळी आठ वाजता गच्चीवर तुम्ही मला उठ, जरा सिंहगडाकडे बघून सांग, असं म्हणालात. मी चटईवर डोळे मिटून उन्हात पडले होते. दोन महिने बघून बघून डोळे शिणले होते. निरीक्षक आज रजेवर आहे, असं मी तुम्हाला सांगितलं आणि कूस बदलली. तुम्ही किती हसलात! तुम्ही असं मोकळं हसलेलं आई गेल्यापासून मी ऐकलं नव्हतं.

मेअखेर भेटूच. तोवर तुमच्या जिवाला मी, आणि माझ्या जिवाला तुम्ही.

तुमची,
प्रियदर्शनी

---

कर्वेनगर
८ मार्च २००१

चि. प्रियदर्शनी हिस,
श्यामलाकाकूचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बाबांनी कळवू नका म्हणून मला बजावलं आहे. मी त्यांचं ऐकत नाही.

गेल्या आठवड्यात त्याच सायंदैनिकात तुझ्या पत्राला उत्तर आलं. धायरीच्या कुणा गृहस्थांनी लिहिलं की ते राहतात तिथून आणि थेट डेक्कनवरूनही सिंहगड रोज स्वच्छ दिसतो; ज्यांना तो दिसत नसेल त्यांनी पुण्याची हवा नव्हे, स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत. आपल्या पुण्यातल्या माणसांची जीभ तुला ठाऊकच आहे. नेहमीप्रमाणे मीच ते वाचून दाखवलं, आणि अर्ध्यात आल्यावर वाचायला नको होतं असं वाटलं. ते तसेच उठले. मला गच्चीवर घेऊन गेले, समोर उभं केलं आणि काय दिसतं ते सांगा म्हणाले. मी सांगितलं, गड दिसतो, मनोरा दिसतो, मनोऱ्यावरचे लाल-पांढरे पट्टेसुद्धा दिसतात. त्यांनी कठडा घट्ट धरला. मग म्हणाले की अकरा वर्षांची वही खराब झाली.

दुसऱ्या दिवशी मी आणि सोनाली त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. डावा गेलाच आहे. उजव्यात थोडं उरलंय, तेही किती टिकेल ते सांगत नाहीत. गेलेली नजर परत येत नाही. ऑक्टोबरात आले असते तर उजवा बराचसा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. दुखत नाही गं हा आजार, कडेकडेने खात येतो. भिंतीला भिंत लागून राहणारी मी शेजारीण, पण माझ्याही लक्षात आलं नाही. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस सांडलवंड करतोच.

जमेल तशी निघून ये. मनाला लावून घेऊ नकोस म्हणणार होते, पण खोटं कशाला लिहू.

तुझी,
श्यामलाकाकू

---

निवती
१९ एप्रिल २००१

आदरणीय बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे काकू वाचून दाखवतील. काकू, वाचताना थांबू नका, आणि काही गाळू नका.

बाबा, महिनाभर तुमच्याजवळ राहिले, आणि तुम्ही मला ढकलून परत पाठवलंत. अर्धी रेष सोडून यायचं नाही म्हणालात. आले, काम करते आहे. पण जयंतीच्या दिवशी पोरांनी तुम्हाला हार घालायला पुढे नेलं, आणि तुम्ही बाबासाहेबांच्या तसबिरीची चौकट बोटांनी चाचपून मग हार घातलात, ते डोळ्यांपुढून हलत नाही. होडीवर उभी राहते आणि पाण्याऐवजी तेच दिसतं.

तुमची नोंदवही मी न विचारता बरोबर आणली आहे. रोज थोडी वाचते. सप्टेंबरपासून अक्षर मोठं होत गेलं आहे, ओळी उजवीकडे खाली उतरत गेल्या आहेत. हेच अक्षर मला पत्रांतही येत होतं. पाण्यावर क्षणभर आलेली पाठ मी तीनशे मीटरवरून ओळखते, आणि हातातल्या कागदावरचं मला दिसलं नाही.

काल १४ जानेवारीचं पान उघडलं. सगळ्या वहीत एकही रेघ नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा तुम्ही आठ वाजता नोंद केली होती. त्या रविवारी मात्र दृश्यमानतेच्या रकान्यात आडवी रेघ आहे, आणि शेऱ्यात लिहिलं आहे, निरीक्षक रजेवर.

मी डोळे उघडले असते तर तीन शब्द बोलले असते, सिंहगड दिसतो बाबा. तेवढंच हवं होतं तुम्हाला. मी कूस बदलली. तुम्ही मला माफ कराल हे मला ठाऊक आहे, म्हणून तर मागायचीही सोय नाही.

नियमाने पत्राच्या शेवटी लोभ मागायचा असतो. आज तो मागायला तोंड नाही.

तुमची,
प्रियदर्शनी

---

कर्वेनगर
२६ एप्रिल २००१

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

मजकूर माझा, अक्षर श्यामलाबाईंचे. त्या दोनदा थांबल्या, पण गाळले काही नाही.

वहीबद्दल तू अर्धेच ओळखलेस. शेऱ्यातला निरीक्षक तू नाहीस. त्या सकाळी मला पाण्याची टाकीही नीट दिसली नव्हती, आणि एक किलोमीटरवर धुके असेल तर अंगाला ऊन लागत नाही, हे चाळीस वर्षे हवा मोजलेल्या माणसाला कळते. माझ्या डोळ्यांची शंका आली, म्हणून तुला विचारले. तू उठली नाहीस तेव्हा मी हसलो, ते सुटलो म्हणून. तू दिसतो म्हणाली असतीस, तर त्याच दिवशी तुझे सामान बांधून झाले असते आणि निवतीचा समुद्र तुला पुन्हा दिसला नसता. म्हणून दुसऱ्यांदा विचारले नाही. पुढे सात आठवडे स्वतःलाही विचारले नाही, पुन्हा हवेवर ढकलत राहिलो. घाबरलो होतो. चूक आहे ती माझी आहे, आणि ती तुला वाटून देणार नाही.

काल सकाळी उजव्यातलेही मावळले. उन्हाचा अंदाज येतो, बाकी नाही. हे तुला फोनवर ओरडून सांगवले नसते.

नोंदवही तुझ्याजवळच राहू दे. उरलेल्या पानांवर तुझ्या रेषांवरचे लिही. कासव दिसले तर कासव, डॉल्फिन दिसले तर किती, पिल्लू होते का, आणि दर आठवड्याला मला कळव, श्यामलाबाई वाचतील. काहीच दिसले नाही तर शून्य लिही, मला शून्य चालते. रेघ मात्र मारू नकोस.

लोभ मागायचा नसतो, तो चालूच असतो.

खाली सही माझी मी केली आहे. कागदावर आली आहे की नाही ते तू बघ.

तुझा,
बाबा